मुंबई ते हैद्राबाद : मधल्या गावाचा हिशेब

मुंबईपासून हैद्राबाद किती लांब आहे, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यापूर्वी त्यालाच उलट विचारावे लागते, "बाबा रे, जाणार कशाने?" आकाशातून सरळ रेघ धरली तर हे अंतर सुमारे ६२० किलोमीटर भरते. पुणे-सोलापूरवरून मोटारीने निघालात तर ते ७१० च्या घरात जाते. वाडी जंक्शनवरून आगगाडीने गेलात तर सुमारे ७९० किलोमीटरचे तिकीट काढावे लागते. दोन्ही शहरे आपापल्या जागी स्वस्थ बसलेली. अंतरे मात्र तीन! वेळेचे विचाराल तर आणखी मौज आहे. आगगाडी साधारण चौदा तास घेते, मोटार बारा-तेरा तास, आणि विमानाच्या वेळापत्रकात दीड तास लिहिलेला असतो. या सर्वांवर ताण करणारा एक प्रवासी हेच अंतर रोज तोडतो, तो म्हणजे सूर्यनारायण. दोन शहरांच्या रेखांशांत साडेपाच अंशांहून किंचित अधिक फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने हैद्राबादेच्या माथ्यावर आलेला सूर्य अवघ्या बावीस मिनिटांत मुंबईच्या माथ्यावर येतो. त्याला तिकीट नाही, सामान नाही आणि वाटेत मुक्कामही नाही.

आता वाचक म्हणतील, भूमसारख्या आडगावच्या शाळामास्तराला मुंबई-हैद्राबादच्या विमानाची उठाठेव कशाला? तर कारण आहे. शाळेत भिंतीवर असतो तसला एखादा नकाशा घ्या, मुंबईच्या ठिपक्यावर फूटपट्टीचे एक टोक ठेवा, हैद्राबादच्या ठिपक्यावर दुसरे, आणि पेन्सिलीने रेघ ओढा. ती रेघ बार्शीच्या आसपासून जाईल, आणि तिचा मध्यबिंदूही जवळजवळ तिथेच पडेल. त्या बिंदूच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर बालाघाटाच्या रांगांत आमचे भूम आहे. भूमपासून मुंबई सरळ रेघेने सुमारे ३०० किलोमीटर आणि हैद्राबाद सुमारे ३२०. वाण्याच्या तराजूचा काटा जसा दोन पारड्यांच्या मधे, तसे आमचे गाव या दोन शहरांच्या मधे आहे. आणि तराजूचा काटा कधी इकडे कधी तिकडे झुकतो, तसे आम्हीही झुकलेलो आहोत. १९५६ पर्यंत आमची राजधानी हैद्राबाद होती; त्यानंतर ती मुंबई झाली.

तेव्हा या दोन शहरांतल्या अंतराचा इतिहास टोकावर बसून पुष्कळांनी सांगितला असेल. मी तो मधे बसून सांगणार आहे. मधे बसल्यावर एक गोष्ट दिसते, जी टोकावरून दिसत नाही. दोन शहरे जवळ येतात म्हणजे नेमके काय होते, आणि मधल्या माणसाचे काय होते, ती ही गोष्ट.

हैद्राबाद शहर वसले १५९१ साली. त्या वेळी मुंबई म्हणजे काही बेटे आणि कोळ्यांच्या वस्त्या. दख्खनच्या व्यापाराचे पश्चिमेचे दार होते सुरत. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी हिंदुस्थानात पुन्हापुन्हा आला. त्याने सुरतेहून दौलताबादेवरून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात अंतर कसे दिले आहे? तर अमक्या गावापासून तमके गाव इतके कोस. म्हणजे अंतर ही एक संख्या नव्हती, ती गावांची माळ होती. एक गाव वगळून पुढच्या गावाला जाताच येत नसे. बैलाला पाणी हवे, माणसाला भाकर हवी, आणि रात्री पाठ टेकायला धर्मशाळा किंवा देवळाची ओवरी हवी. भरलेली बैलगाडी दिवसाला बारा-पंधरा मैलांची मजल मारी. त्या हिशेबाने मुंबई-हैद्राबाद ही वाट महिन्याची. त्यातही आधी मुंबईहून होडीने खाडी ओलांडून पनवेलला यायचे आणि मग खंडाळ्याचा घाट चढायचा. या बोरघाटातून गाड्यांचा चांगला रस्ता झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या अमदानीत. महिनाभराची वाट ही शहरी माणसाला शिक्षा वाटे. पण वाटेवरच्या गावाला तीच लक्ष्मी होती. लोहाराला नाल ठोकायला मिळे, वाण्याचे पीठ खपे, आणि जगाच्या बातम्या आपल्या पायांनी चालत ओसरीवर येत.

अर्थात लक्ष्मीच येते असे नाही, पलटणीही येतात. १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईचे नाव प्रत्येक मराठी वाचकाने ऐकलेले असते. पण खर्डे नेमके कुठे, हे विचारले तर अनेकजण चाचपडतात. खर्डे जामखेड तालुक्यात, आमच्या भूमपासून सरळ रेघेने तीस किलोमीटरांच्या आत आहे. निजाम अली खान बिदरहून मांजरेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे निघाला. पुण्याहून नाना फडणवीसांच्या मसलतीने, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाखाली मराठ्यांच्या फौजा पूर्वेकडे निघाल्या. तरुण सवाई माधवरावही बरोबर होते. ११ मार्च १७९५ रोजी गाठ पडली. निजामाने खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात आसरा घेतला आणि शेवटी मुलूख, खंडणी आणि आपला दिवाण मशीर-उल्-मुल्क हे सर्व कबूल करून त्याला सुटका करून घ्यावी लागली. खर्ड्यापासून पुणे सरळ रेघेने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, बिदर सुमारे सव्वादोनशे. दोन दरबार भांडले आणि मोजून मापून मधे येऊन लढले. सारख्या वेगाने चालणारी दोन सैन्ये मधेच भेटतात हे त्रैराशिकाचे गणित; पण ज्यांच्या ज्वारीतून घोडे गेले त्यांना ते फार महाग पडते.

सरळ रेघेचे अंतर माणसाला कळले ते विमानाच्या पुष्कळ आधी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी मद्रासच्या बाजूने हिंदुस्थान मोजत निघाला. आधी जमिनीवर साखळी टाकून एक पायारेघ अगदी काटेकोर मोजायची. मग टेकड्यांवर, गोपुरांवर, किल्ल्यांवर दुर्बिणीचे यंत्र लावून कोन घ्यायचे. आणि एका त्रिकोणावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे करीत सारा देश त्रिकोणांनी विणून काढायचा. शाळेत भूमितीच्या तासाला जांभया देणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगतो की, दोन कोन आणि एक बाजू ठाऊक असली की उरलेला त्रिकोण हाती लागतो, या एका वाक्यावर देशाचा नकाशा उभा आहे. लॅम्बटनने काही काळ हैद्राबाद हेच आपले ठाणे केले होते. तिथून नागपूरकडे जात असता १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथे आहे. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने बिदरच्या बाजूने पश्चिमेकडे मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची आडवी साखळी टाकायला घेतली. मुंबई आणि हैद्राबाद ही दोन शहरे प्रथम जोडली गेली ती अशी, कागदावर. रस्ता महिन्याचाच राहिला, पण कागदावर अंतर नेमके झाले.

मग आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी ती मुंबईहून ठाण्याला गेली हे सर्वांना पाठ आहे. ती पुढे पुण्याकडून सोलापूरपर्यंत १८६० साली आली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, आणि १८७१ साली रायचुरास मद्रासकडच्या गाडीशी गाठ पडली. हैद्राबाद मात्र या वाटेच्या बाहेर, बाजूला राहिले होते. तेव्हा सालारजंगांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारने स्वतःच्या खर्चाने वाडीपासून हैद्राबाद-सिकंदराबादेपर्यंत फाटा टाकला, आणि १८७४ साली तो सुरू झाला. महिन्याची वाट एक-दोन दिवसांवर आली. मनुष्यजातीच्या इतिहासात चाकाने इतकी मोठी उडी त्यापूर्वी कधी घेतली नव्हती.

पण मधल्या गावांचे काय झाले? आगगाडी ज्या गावात थांबते ते गाव फुगते. जिथे थांबत नाही ते गाव दुसऱ्या दिवशी सकाळी होते तिथेच असते, फक्त जग त्याच्यापासून लांब गेलेले असते. परंड्याचेच पाहा. १६०० साली अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर निजामशाहीचा कारभार काही काळ ज्या परंड्याहून चालला, ते परंडे लोहमार्गापासून बाजूला पडले. आणि जवळचेच कुर्डुवाडी जंक्शन म्हणून नावारूपाला आले. त्या स्टेशनाला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणत. नावातच सगळे आले, म्हणजे बार्शी इथे नाही, बार्शीकडे जाणारा रस्ता इथे आहे! ही उणीव एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअराने भरून काढली. त्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा साडेएकवीस मैलांचा पहिला टप्पा झाला. १९११ साली ती पूर्वेकडे लातूरला पोहोचली, १९२७ साली पश्चिमेकडे मिरजेला. चढावर ती इतकी सावकाश चाले की, उतरून शेंगा घ्याव्यात आणि पुन्हा तोच डबा पकडावा, असा विनोद आमच्या भागात दोन पिढ्या चालला. पण तिची थट्टा करणारा प्रत्येकजण तिच्यात बसलेला असे, हे विसरू नये. लातूरची पेठ या गाडीनेच मोठी केली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर रूळ रुंद होऊन ती छोटी गाडी इतिहासजमा झाली.

भूमच्या वाट्याला ही छोटी गाडीही आली नाही. आम्हाला बार्शी गाठायची ती बैलगाडीने, आणि मधे एक अंतर असे होते की जे कोणत्याही नकाशावर मैलांत लिहिलेले नसे. भूम निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजी अमलात. आमच्या बोलीत भूम 'मोगलाईत' आणि बार्शी 'इंग्रजीत'. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी. खिशातला रुपयाही बदले. आमचा हाली आणि पलीकडचा कलदार. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव असे. तीस-पस्तीस किलोमीटरांत राज्य बदले, नाणे बदले, कचेरीची भाषा बदले. इकडे फार्सी-उर्दू, तिकडे मोडी-मराठी आणि इंग्रजी. मला वाटते, मुंबई-हैद्राबाद या सबंध वाटेवरचे सर्वांत लांब अंतर हेच होते, नाक्याच्या अलीकडचे पाऊल आणि पलीकडचे पाऊल.

आता १९३२ सालाकडे येऊ. हे साल मला फार आवडते, कारण त्या एका वर्षात आकाश आणि जमीन दोन्हीकडे काही घडले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एकटेच कराचीहून 'पस मॉथ' नावाचे एका इंजिनाचे इवलेसे विमान घेऊन उडाले आणि टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानात उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंटने ते टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेले. देशी हवाई टपालाचा हा श्रीगणेशा. पुढे बेल्लारीऐवजी हैद्राबादचा टप्पा आला आणि मुंबई-हैद्राबाद ही रेघ प्रथमच पेन्सिलीची न राहता पंखांची झाली. पस मॉथची चाल ताशी शंभर मैलांची धरली तर सुमारे ३९० मैलांना चार तास पुरे होत.

त्याच १९३२ साली जूनमध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने सत्तावीस मोटारगाड्या घेऊन प्रवाशांची सरकारी वाहतूक सुरू केली. राज्यसरकारने स्वतः बसगाड्या चालवण्याचा हिंदुस्थानातला तो आरंभीचा प्रयोग. विमानाची हकीकत पुस्तकापुस्तकांत सापडते. सत्तावीस बसगाड्यांची कुणी सांगत नाही. पण मधल्या गावाच्या हिशेबात बस ही विमानापेक्षा मोठी घटना आहे, कारण ती थांबते. मुंबईहून उडालेली टपालाची थैली आमच्या शिवाराजवळून हैद्राबादला चार तासांत जाई. पण त्याच मुंबईहून निघालेले भूमचे पत्र मात्र आगगाडीने कुर्डुवाडी, तिथून छोट्या गाडीने बार्शी, आणि पुढे मिळेल त्या वाहनाने किंवा पायी, असे यायचे. वरून जाणारे विमान आणि खालून येणारे पत्र, या दोहोंतला फरक म्हणजेच आमचे खरे अंतर.

१९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी निघाली आणि बेगमपेठच्या विमानतळावरून तिची डाकोटा विमाने उडू लागली. डाकोटाला मुंबई-हैद्राबाद हे अंतर साधारण अडीच तासांचे. पण त्यानंतर लवकरच असा काळ आला की, हैद्राबाद जितके आकाशातून जवळ आले होते तितके जमिनीवरून दूर गेले. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि आम्ही नाक्याच्या अलीकडेच राहिलो. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांनी घरे सोडून सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरचा आसरा घेतला. रात्री बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून गाड्या हाकीत, असे जुन्या माणसांच्या तोंडून आमच्या पिढीने ऐकले आहे. तीस-पस्तीस किलोमीटरच, पण ज्यांनी ते त्या वेळी तोडले त्यांना विचारा तो प्रवास किती लांबीचा होता! १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरींच्या हुकमतीखाली भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरली, आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. सोलापूर ते हैद्राबाद सुमारे तीनशे किलोमीटर आणि लागलेला वेळ पाच दिवसांचा. पण त्या पाच दिवसांत करोडगिरीच्या नाक्याचे अंतर कायमचे मिटण्याच्या वाटेला लागले.

नंतर १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आमच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. कुर्डुवाडीहून आगगाडीने मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर आणि हैद्राबाद सुमारे चारशे. अर्ज घेऊन जाणारा माणूस तोच, पिशवीतली भाकरी तीच, तिकिटाचे पैसेही जवळजवळ तेवढेच. फक्त कालपर्यंत तो डाऊन गाडीची वाट पाहायचा, आता अप गाडीची पाहू लागला. राजधानी बदलली, भाषा आपली झाली, हा आनंद फार मोठा. त्याची किंमत कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण अंतर? ते तसूभरही कमी झाले नाही. आम्ही काट्यासारखे मधेच होतो.

इकडे आकाशात घाई चालूच होती. १९५३ साली डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. तिच्याकडे १९५७ साली व्हायकाउंट विमाने आली, १९६४ साली कॅरव्हेल जेट आली. जेटची उंचावरची चाल ताशी आठशे किलोमीटरांच्या आसपास. ६२० किलोमीटरांना अंतराळात तासाभराचे काम. आणि गंमत अशी की, तिथून पुढे साठ वर्षे झाली तरी हा वेळ फारसा कमी झालेला नाही. आजची विमाने अधिक मोठी, अधिक सुरक्षित, कमी तेल पिणारी. पण मुंबई-हैद्राबाद अजून तेवढेच. वेळापत्रकात दीड तास लिहितात, कारण धावपट्टीपर्यंत रांगत जायचे, आपली पाळी यायची, वर चढायचे, पुन्हा उतरायचे, आणि मुंबईला गर्दी असली तर आकाशात घिरट्या घालायच्या. विमानालाही नेमून दिलेल्या हवाई वाटेने जावे लागते. फूटपट्टीची रेघ त्याच्या नशिबी क्वचितच. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरकस वारे वाहतात. त्यामुळे हैद्राबादला जाताना काही मिनिटे वाचतात आणि मुंबईला परतताना ती भरून द्यावी लागतात. शिवाय २००८ साली हैद्राबादचा विमानतळ शहरातल्या बेगमपेठेतून बाहेर शमशाबादला गेला. म्हणजे आकाशातला वेळ होता तेवढाच राहिला, आणि घर ते विमानतळ हा वेळ वाढला. घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजले तर आजच्या प्रवाशाला पाच तास सहज लागतात. जेटच्या युगातही शेवटी मोटारीची गर्दीच वेळ ठरवते!

तर असा हा प्रवास : महिना, मग एक-दोन दिवस, मग चार तास, अडीच तास, आणि शेवटी एक तास. प्रत्येक पायरीवर शहरे जवळ आली ती कशाने? केवळ वेगाने नव्हे. वाटेतले थांबे गाळल्याने. बैलगाडी प्रत्येक गावी थांबे, आगगाडी स्टेशनांवर, विमान कुठेच नाही. वेग म्हणजे मधल्यांना वगळण्याची कला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. आमचा एखादा विद्यार्थी रात्रीच्या गाडीने भूमहून मुंबईला निघाला की आठ-नऊ तासांनी पोहोचतो. तेवढ्यात मुंबईचा माणूस दुबईला जाऊन परत येऊ शकतो. तेव्हा भूमपासून मुंबई लांब की दुबई मुंबईपासून लांब, हे भूगोलाच्या पेपरात विचारण्याजोगे आहे.

मग यावर उपाय काय, भूमला विमानतळ मागायचा? मला तसे वाटत नाही. अंतर कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो इतिहासात आमच्याच भागात आजमावला गेला आहे. माणसाला कामाकडे जलद नेण्याऐवजी काम माणसाकडे आणायचे. निजामी अमदानीत आमच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी १९१८ साली निघालेल्या हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. उच्च न्यायालयाच्या कामासाठी आधी हैद्राबाद, मग मुंबई. १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत बसू लागले. भूमपासून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सरळ रेघेने सुमारे १६० किलोमीटर. तीनशेचे एकशेसाठ झाले. एक चाकही जलद फिरले नाही, एक पंखही हलला नाही, आणि शेतकऱ्याचा दावा व पोराची पदवी निम्म्या अंतरावर आली. डाकोटाने हे केले नाही, जेटनेही नाही. ते सरकारी ठरावाच्या एका कागदाने आणि त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ करणाऱ्या माणसांनी केले.

आणि मधे असलेले गाव नेहमी मधेच असते असेही नाही. आमच्या तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्या दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आमच्या डोंगरात आली. ना स्टेशन, ना धड सडक. पण त्यांच्या लेखी कुंथलगिरी हे टोक होते आणि मुंबई-दिल्ली ही वाटेतली गावे. मध्य कुठे आणि टोक कुठे हे शेवटी माणूस कशासाठी निघाला आहे यावर ठरते.

आमच्या लोकांनी मात्र सरकारची किंवा विमानाची वाट न पाहता अंतरावर तिसराच एक उपाय फार पूर्वी शोधून काढला. आमच्या डोंगराळ भागात पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची, पण दूधदुभते चांगले. दूध शहरात न्यावे तर वाटेतच नासणार. म्हणून घरोघरी, वाडीवस्तीवर भट्ट्या पेटल्या. मोठ्या कढईत चार-पाच लिटर दूध आटवायचे, उलथन्याने सारखे ढवळायचे, आणि किलोभर खवा काढायचा. खवा म्हणजे अंतर पचवलेले दूध. वजन एका पंचमांशावर येते, टिकाऊपणा वाढतो, आणि जो माल बार्शीपर्यंत पोहोचला नसता तो दूरच्या शहरांतल्या हलवायांच्या दुकानात रुजू होतो. गाडी जलद करता येत नसेल तर माल सोशीक करावा, हे शहाणपण कुठल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मला आढळलेले नाही. ते भूमच्या भट्टीपुढे बसणाऱ्या बायाबापड्यांचे आहे. पहाटे चार वाजता धुरात डोळे चोळीत त्यांनी ते कमावले.

दिवाळीचे दिवस आहेत. मुंबई-पुण्याच्या रात्रीच्या गाड्या भरभरून येत आहेत, आणि आमच्या भट्ट्यांना या आठवड्यात उसंत नाही. वाचकहो, आपल्या फराळाच्या ताटात पेढा असेल तर तो कुठल्या खव्याचा, हे एकदा दुकानदाराला विचारून पाहा. आणि पुढेमागे मुंबईहून हैद्राबादला विमानाने जाण्याचा योग आला, तर उड्डाणानंतर अर्ध्या तासाने डावीकडच्या खिडकीतून खाली पाहा. दिवस असेल तर बालाघाटाच्या तपकिरी सोंडा दिसतील, रात्र असेल तर थोडे विखुरलेले दिवे. वेळापत्रकात त्या जागेचे नाव नसते. तिथून मुंबई तीनशे किलोमीटर आहे आणि हैद्राबाद तीनशेवीस, आणि तिथे माणसे राहतात.